बिनक्लचचा ट्रक आणि अध्यक्षांचं नाक

ती. वन्सं यांना,

वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलेय. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद ठेवून लिहितेय, आणि हा ओटा ज्याने कुणी बांधला त्याने माझी उंची विचारात घेतली नव्हती.) तुमची तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला थांबला, की अजूनही दुसरं कुणी बोलायला लागलं की येतो? धाकटीचं नवं ऑफिस तिला मानवलं का? इकडे आम्ही सुखरूप आहोत. आम्ही म्हणजे मी, हे आणि ट्रक. तिघंही एकाच वेळी सुखरूप असण्याचा योग फार महिन्यांनी आलाय, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसले. उद्यापर्यंत तो टिकेलच असं काही मी लिहून देणार नाही.

तुम्ही गेल्या खेपेला फोनवर विचारलंत, ट्रकचं काय चाललंय, आणि मी म्हटलं, सगळं छान. तेव्हा हे माझ्या शेजारीच उभे होते, त्यामुळे सगळं छानच होतं. पत्राचं तसं नसतं. लिहिताना कुणी शेजारी येऊन उभं राहिलं तर वरती किराणा सामान लिहायला घेता येतं. तेव्हा आता पहिल्यापासून सांगते.

सुरुवात ह्यांच्या डाव्या गुडघ्यापासून झाली. मामंजींच्या वेळचा आपला ट्रक, त्याचा क्लच तुम्हाला माहीत आहेच. तो दाबायचा म्हणजे माणसाला सीटवरून अर्धं उठावं लागतं. बाजारातून एक कपाट उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला पोचवेपर्यंत ह्यांची दिवसाची उठाबशी पुरी होते. पावसाळा संपता संपता गुडघा सुजला. हे म्हणाले, मुरगळला असेल. मग म्हणाले, वारा लागला. मग जिना चढताना मध्येच थांबून भिंतीचा रंग बघायला लागले, तेव्हा मी त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, ह्यांच्या तोंडून निघालेला आवाज लक्ष देऊन ऐकला, आणि म्हणाले की हा गुडघा वाचवायचा असेल तर क्लच बंद. काही महिने ट्रकवर दुसरा माणूस ठेवा. वन्सं, त्यांनी पाय कापू म्हटलं असतं तरी ह्यांना इतकं लागलं नसतं.

तरी माणूस ठेवायचा प्रयत्न आम्ही केला. एक आला, त्याला ह्यांनी काढला, कारण तो गिअर बदलताना रस्त्याकडे बघत होता. (कुठे बघायला हवं होतं, हे मी विचारलं. इंजिनाकडे, कानांनी, असं उत्तर मिळालं.) दुसऱ्याने तिसरा गिअर टाकताना कर्रर्र आवाज केला, तर हे छातीला हात लावून खालीच उतरले. तिसरा फार चांगला चालवायचा, म्हणून त्याला काढला. गिअर बदलणं म्हणजे नुसतं दांडा ओढणं नव्हे, तो गाडीशी संवाद आहे, असं त्या काळात मी रोज ऐकत होते. माझ्याशी संवाद चहा आणि टॉवेल एवढ्यावरच चालतो, हे मी बोलले नाही. आजारी माणसाला काय बोलायचं.

मग डॉक्टरांच्याच दवाखान्याबाहेरच्या बाकावर ह्यांना एक गृहस्थ भेटले. घोट्यापासून मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये, पण चेहऱ्यावर तेज. ते म्हणाले, माझा डावा पाय असा असून मी स्वतः गाडी चालवत आलो, माझी गाडी ऑटोमॅटिक आहे, क्लचच नाही, गिअर आपले आपण पडतात. हे घरी आले ते नवीनच माणूस होऊन. म्हणाले, ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा. मी म्हटलं, अहो, आपल्या ट्रकला घड्याळ बसवलं तर ते बंद पडलं, पंखा बसवला तर दिवे गेले. त्याला नवीन काही सोसत नाही. ह्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू जगातली सगळी प्रगती माझ्यामुळेच अडून राहिलीये.

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. साबणाच्या गोदामामागे पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज आहे. गिऱ्हाइकांना बसायला कुठल्यातरी मोटारीतून काढलेली मागची सीट ठेवलीये, तिच्यात बसलं की माणूस गुडघे कानापाशी घेऊन बसतो आणि उठायला दोघांची मदत लागते. त्यामुळे काम पसंत नाही म्हणून कुणी चटकन निघून जात नाही. मिस्त्रीला सगळे ‘होईल’ म्हणतात. काहीही विचारा, तो आधी हात पुसतो, मग आकाशाकडे बघतो आणि म्हणतो, होईल. पेट्रोलची गाडी डिझेलवर चालेल का? होईल. दोन दारांची चार होतील का? होईल. हे काम कधी होईल, एवढं विचारलं की मात्र तो गाडीखाली जातो. ह्यांनी त्याला ट्रक दाखवला आणि बेत सांगितला. त्याने हात पुसले, आणि पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

गिअरबॉक्स भंगारवाल्याकडे मिळाला. एका मोठ्या असामीच्या ऐसपैस जीपमधला, असं तो म्हणाला. जीप कारंज्यावर आदळून पुढून पार चेपली होती, पण गिअरबॉक्सला धक्का नाही. असामी म्हणे घरापासून क्लबापर्यंतच जायची, त्यामुळे तिसऱ्याच्या पुढचे गिअर कोरे करकरीत आहेत. (क्लबातून परत येतानाच कारंजं आडवं आलं असावं, असा माझा आपला अंदाज.) मिस्त्रीने आतलं तेल बोटावर घेऊन हुंगलं. ह्यांनीही हुंगलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघून मान हलवली. जळका वास आला तर गिअरबॉक्स बाद, एवढं मला नंतर कळलं. त्यातल्या एकाला सर्दी होती आणि दुसऱ्याला तपकिरीचं व्यसन, हे मला आधीपासून माहीत होतं.

वन्सं, एखाद्याचं पोट उघडल्यावर डॉक्टरांना कळावं की ही व्यक्ती वेगळीच आहे, तसं झालं. नवा गिअरबॉक्स जुन्याहून जाडा. तो ट्रकच्या पोटात मावेना. मिस्त्री म्हणाला, होईल, आणि त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा कापला. मग गिअरबॉक्स मावला, पण केबिनमध्ये बसून खालचा रस्ता दिसायला लागला. मी कौतुकाने वाकून बघायला गेले तर माझी चप्पल त्यातून खाली गेली आणि तिथे पाठीवर झोपलेल्या मिस्त्रीच्या कपाळावर पडली. तोही ‘होईल’च म्हणाला, पण सुरात फरक होता.

त्यानंतर शाफ्टचं प्रकरण. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा जो लांब दांडा असतो ना, तो. नवा गिअरबॉक्स लांबीलाही जास्त, म्हणजे दांडा तेवढा कमी करायला हवा. दोघांनी दोन बाजूंनी टेप धरून अगदी पंचांसारखं माप घेतलं, लेथवाल्याकडून दांडा कापून जोडून आणला, बसवला, एकमेकांच्या पाठीवर थाप मारली, आणि जॅकवर उचललेला ट्रक खाली सोडला. तर काय, ट्रक खाली यायलाच तयार नाही! मधेच अडकून कण्हायला लागला. माप घेतलं तेव्हा ट्रक वर उचललेला, मागची चाकं खाली लोंबत होती. ट्रक जमिनीवर आला की चाकं वर सरकणार आणि अंतर कमी होणार, हे त्या दोन पंचांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. दांडा पुन्हा लेथवाल्याकडे गेला. लेथवाला म्हणाला, या खेपेला बोटभर जास्तच कापतो, पुढे मागे परत यायला नको. त्यामुळे अर्थातच तो आखूड झाला आणि परत गेला. शेवटी त्या दांड्यावर इतके जोड आले की तो मला माझ्या जुन्या छत्रीसारखा वाटायला लागला.

या सगळ्या काळात फोन मी घेत होते. पलंग हलवायचाय, दुकानाचं फर्निचर न्यायचंय, अशी माणसं फोन करायची, आणि मी म्हणायचे, ट्रक सर्व्हिसिंगला गेलाय. पुढे पुढे लोक ट्रकची चौकशी अशा हलक्या आवाजात करायला लागले, जशी अतिदक्षता विभागात ठेवलेल्या माणसाची करतात. निम्मी गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या टेम्पोवाल्याने नेली. तो मला रस्त्यात भेटला की मुद्दाम ट्रकची तब्येत विचारायचा. हे मात्र रोज सकाळी डबा घेऊन गॅरेजमध्ये जायचे आणि संध्याकाळी हात काळे करून यायचे. लग्नानंतर इतक्या नियमाने मी त्यांना कामावर जाताना कधी पाहिलं नव्हतं.

अखेर एकदाचं सगळं बसलं. क्लचचं पायडल काढलं, ब्रेकचं पायडल रुंद केलं, हाताशी गिअरचा नवा दांडा आला, आणि त्यावर कुठे ठेवलं की काय होणार याची चिठ्ठी मिस्त्रीने स्वतःच्या अक्षरात चिकटवली. गाडी उभी असतानाच इंजिन सुरू व्हावं, भलत्या गिअरमध्ये होऊ नये, म्हणून या गिअरबॉक्सला एक बटण असतं. ते मिस्त्रीने जोडलंच नाही. ज्यांना गाडी येत नाही त्यांच्यासाठी असतं ते, असं तो म्हणाला, आणि हे मोठ्याने हसले. मग ह्यांनी दांडा ‘उभी’ असं लिहिलेल्या जागी ठेवून चावी फिरवली. ट्रक सुरू झाला आणि जराही वेळ न दवडता मागे निघाला. दांड्याखालची सळई एक घर चुकून जोडलेली होती. मागे मिस्त्रीचीच पाटी होती, ‘सर्व प्रकारची कामे खात्रीपूर्वक’, लोखंडी खांबांवर. ‘खात्रीपूर्वक’ अजून उभं आहे. बाकीचं गोदामाच्या भिंतीला टेकवून ठेवलंय.

सळई सरळ झाली आणि ट्रक आमच्या हवाली झाला. आता मुख्य अडचण. क्लच ट्रकमधून गेला, वन्सं, ह्यांच्या पायातून गेला नव्हता. इतकी वर्षं गाडी हळू करायची म्हटलं की डावा पाय आपणहून उठायचा आणि सगळा जोर लावून क्लच दाबायचा. आता तिथे क्लच नाही, पण जवळच ते रुंद केलेलं ब्रेकचं पायडल. डावा पाय क्लचच्या जोराने ब्रेकवर पडायचा आणि ट्रक जागच्या जागी खिळायचा. पहिल्या फेरीत माझं कपाळ समोरच्या काचेला लागलं. दुसऱ्या फेरीला मी मांडीवर उशी घेऊन बसले. मागच्या गाड्या हॉर्न द्यायच्या, हे त्यांच्याकडे वळून म्हणायचे, ऑटोमॅटिक आहे. जसं काही त्या बिचाऱ्या ट्रकनेच मनाने ठरवून ब्रेक मारला. गंमत बघा, डॉक्टरांनी ज्या पायाला विश्रांती सांगितली, तोच एकटा राबत होता, आणि धडधाकट उजवा पाय घाबरून बसला होता.

मी म्हटलं, काही दिवस मोकळ्या मैदानावर सराव करा, मग काम घ्या. पण तेवढ्यात व्यापारी मंडळाचं काम आलं. मंडळाच्या अध्यक्षांचा अर्धपुतळा बाजारासमोरच्या बागेत बसवायचा होता. (अध्यक्ष हयात आहेत, चांगले ठणठणीत. पुतळ्यासाठी इतका वेळ कशाला थांबायचं, असं त्यांचं मत पडलं आणि ते एकमताने मंजूर झालं.) पुतळा ब्राँझचा, असं वर्गणी गोळा करताना आम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. शिल्पकाराच्या घरून तो आणायचा, आणि दुसऱ्या दिवशी अनावरण. हे म्हणाले, टेम्पोवाल्याला दाखवून देतो. मंडळाचे खजिनदार देखरेखीला आले, ते खिडकीशी, मी मधे उशी घेऊन, आणि हे. पुतळा मागे गादीला टेकवून बांधला, तोंड आमच्याकडे. शिल्पकार हात जोडून सांगत होता, तान्ह्या मुलासारखा न्या हो. उचलताना दोनच हमालांनी तो सहज उचलला, तेव्हाच मला ब्राँझचं जरा नवल वाटलं होतं.

बाजाराच्या वळणावर एक सायकलवाला आडवा आला. तसा तो फार लांब होता. हळू करायला हवं, असं ह्यांच्या मनात आलं मात्र, आणि डाव्या पायाने ते ऐकलं. मी उशीवर, खजिनदार काचेवर, आणि मागून टण्ण नव्हे, ठप्प असा आवाज. खाली उतरून बघतो तर अध्यक्ष केबिनच्या मागच्या गजाला टेकलेले, आणि नाक कोपऱ्यात ताडपत्रीवर पडलेलं.

ह्यांचा चेहरा मला बघवेना, वन्सं. विनोद बाजूला ठेवते क्षणभर. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी ते नाक त्यात गुंडाळलं आणि नुसते उभे राहिले. म्हणाले, “बाबांनी या ट्रकमधून काचेची कपाटं नेली. कधी टवका गेला नाही.” आता मंडळ आपल्याला गावातून काम मिळू देणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

पण खजिनदार आमच्याकडे बघतच नव्हते. ते पुतळ्याच्या चेहऱ्यातल्या खड्ड्याकडे बघत होते. खड्डा आतून पांढराशुभ्र. मग त्यांनी इकडेतिकडे बघून ह्यांना विचारलं,

“हे कुणी पाहिलं?”

“मी पाहिलं,” हे म्हणाले.

“काय पाहिलंत?”

“नाक मोडलं. माझ्या हातून. म्हणजे पायातून.”

“ते नव्हे. आतून काय पाहिलंत?”

“आतून... पांढरं आहे. प्लॅस्टर दिसतंय.”

“तुम्हाला काहीही दिसलेलं नाही,” खजिनदार म्हणाले. मग माझ्याकडे वळून फार गोड आवाजात विचारलं, “वहिनी, तुम्हाला?”

मी म्हटलं, “माझ्या तोंडावर उशी होती.”

त्या क्षणापासून आम्ही गुन्हेगार राहिलो नाही, मंडळाचे विश्वासू झालो. खजिनदारांनी स्वतः जाऊन आमच्यासाठी चहा आणला. शिल्पकाराकडे परत जायला ते तयार नव्हते, कारण वाटेत अध्यक्षांचं घर. बाजारातून नाक नसलेला पुतळा नेणं म्हणजे भर चौकात मंडळाचं नाक कापून दाखवणं. मग उरलं कोण? होईल. हे अगदी हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, ट्रक साबणाच्या गोदामामागे घेऊन गेले. मिस्त्रीने हात पुसले, आकाशाकडे पाहिलं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्या एका शब्दाचा धीर वाटला.

जुनं नाक जोडता येईना, पंच्यात त्याचा भुगा झाला होता. मिस्त्रीने मोटारींचे पोचे भरायची पुट्टी कालवली. पण नाक कसं होतं, हे कुणाला नीट आठवेना. रोज ज्या नाकासमोर मान खाली घालून उभं राहायचं, ते माणूस बघतो कधी? मिस्त्रीने खजिनदारांना वर्णन करायला सांगितलं. खजिनदार म्हणाले, भारदस्त. आणखी? म्हणाले, सरळ, करारी, दूरदृष्टीचं. मिस्त्रीने तेवढी पुट्टी आणखी कालवली. हे मधे मधे सुचवत होते की जरा डावीकडे वाकडं आहे हो, पण खजिनदारांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की हे गप्प झाले. दुपारपर्यंत नाक वाळलं. चाकांच्या वाट्यांना मारायचा सोनेरी तपकिरी रंग होता, तो मारला. वन्सं, मी खोटं सांगत नाही, ते नाक असं झालं की त्याच्यामागे उरलेला चेहरा जरा कमीच वाटायला लागला.

आता पुतळा बागेत न्यायचा होता. ह्यांनी चावी हातात घेतली आणि परत खाली ठेवली. म्हणाले, पायाचा भरवसा नाही. खजिनदारांना ट्रक चालवता येत नव्हता. मिस्त्रीला येतो, पण आपण बसवलेल्या गोष्टीत आपण बसत नाही, असा त्याचा नियम आहे म्हणे. मी म्हटलं, द्या इकडे. छोट्या गाड्यांचं लायसन्स माझ्याकडे लग्नाआधीपासून आहे. (आणि आपला ट्रक कागदोपत्री छोट्यातच मोडतो. हे ह्यांना माहीत नाही, कृपा करून सांगू नका, त्यांना सोसणार नाही.) लग्नानंतर चालवली ती नुसती माझी स्कूटर, तिलाही क्लच नाही. माझ्या डाव्या पायाला इतक्या वर्षांत गाडीत कुणी काही कामच दिलेलं नाही, त्यामुळे त्याला कसली खोडही नाही. दांडा ‘पुढे’वर टाकला, ब्रेकवरून उजवा पाय उचलला, आणि ट्रक निघाला. लोण्यातून सुरी जावी तसा. असामीचा गिअरबॉक्स एकामागून एक गिअर टाकत होता आणि मला कळतही नव्हतं. वळणं घेतली, सायकलवाले आले नि गेले, बागेच्या फाटकातून मागे घेऊन ट्रक चौथऱ्याला टेकवला. अध्यक्षांचं नाक जागेवर. माझं मन मात्र जरा जागेवरून हललं होतं, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी अनावरण झालं. पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि अध्यक्ष पुतळ्यासमोर जाऊन इतका वेळ उभे राहिले की खजिनदार खुर्चीत अर्धे उठले. मग अध्यक्षांनी डोळे टिपले. म्हणाले, आजवर अनेकांनी माझे फोटो काढले, चित्रं काढली, पण मला खऱ्या अर्थाने ओळखलं ते फक्त या कलावंताने. शिल्पकाराने आधी नाकाकडे पाहिलं, मग खजिनदारांकडे, आणि लगेच नम्रपणे मान लववली. त्याला शाल मिळाली. अध्यक्षांच्या पत्नी माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, परत पुतळ्याकडे पाहिलं आणि माझ्या कानात हळूच विचारलं, “छान आहे. कोण आहेत हे?”

तेव्हापासून मंडळाची सगळी ने-आण आपल्याकडे आहे. टेम्पोवाला हल्ली ट्रकची तब्येत विचारत नाही. चालवते मी. हे शेजारी बसतात. कुणी विचारलं तर सांगतात की सध्या मी देखरेख बघतो. प्रत्येक वळणावर त्यांचा डावा पाय खालचा पत्रा दाबतो, हात हवेत तिसऱ्याचा दुसरा करतो, आणि मग माझ्याकडे बघून मान डोलावतात, की बघ, कसा पडला गिअर. मी पण मान डोलावते. गल्लीत सगळ्यांना सांगून झालंय की हिला मीच तयार केली.

पण वन्सं, खरं सांगू का, हे काही बायकांनी हौसेने करायचं काम नव्हे. ऊन, धूळ, हमालांशी डोकं लावा. घरचं सगळं पडून राहतं. मी आपली नाइलाज म्हणून निभावून नेतेय. ह्यांचा गुडघा एकदा बरा झाला की चावी त्यांच्या हातात देऊन मी मोकळी. तुम्ही काळजी करू नका, तुमच्या भावाचा मान मी राखून आहे.

दाजींना नमस्कार, धाकटीला नवीन कामाबद्दल शाबासकी. ज्यांना जे सांगायचं ते तुम्हीच ठरवून माझ्या वतीने सांगा. तुम्हाला माझ्याहून चांगलं जमतं.

तुमची,
वहिनी

ता. क. गुडघा बरा झालाय. परवा डॉक्टरांनी दाबला, वाकवला, आवाज आला नाही. घरी येताना हे शीळ घालत होते. रात्री जेवताना म्हणाले, आता जुना गिअरबॉक्स परत बसवून टाकू. मिस्त्रीला विचारलंय. तो काय म्हणाला हे लिहायची गरज नाही.

आणखी एक ता. क. खरं तर यासाठीच हे पत्र. जुना गिअरबॉक्स मिस्त्रीच्या शेडमध्ये पोत्याखाली होता. मी त्याला विचारलं, हा माझ्या घरी दिलात तर चालेल का? (हो, तेच म्हणाला. शिवाय त्याला जागा हवीच होती. त्या नाकाची गावात कुजबुज झालीये, आणि दोन संस्थांचे संस्थापक दुरुस्तीला येऊन बसलेत.) गिअरबॉक्स मी लाकडी पेटीत भरलाय, वर ‘जुन्या चादरी’ असं लिहिलंय. येत्या आठवड्यात तुमच्या गावाला सामान घेऊन यायचंय, तेव्हा पेटी तुमच्याकडे उतरवते. जिन्याखाली ठेवा. ह्यांचा फोन आला तर तुम्हाला गिअरबॉक्स म्हणजे काय तेच माहीत नाही. वन्सं, आयुष्यात तुमच्याकडे दुसरं काही मागणार नाही. तो ट्रक मला सोडवत नाही हो.

शेवटचा ता. क. सासूबाई एकदा बोलून गेल्या होत्या की लहानपणी तुम्ही ट्रकमध्ये बसायला रडायचात, आणि मामंजी तुम्हाला उतरवून ह्यांना पुढे बसवायचे. पेटी उतरवली की तुमच्या घरापासून जकातनाक्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे. तुम्ही चालवा, मी शेजारी गप्प बसेन. दाजींना मात्र आधी कळू देऊ नका. ते शिकवायला येतील.